भिंतीवरच्या गुरूंचे अपहरण

कोणीही वाकेना.

हवाई बेटावरच्या हिलो गावातल्या त्या जुन्या पत्र्याच्या हॉलमध्ये तिन्ही रांगा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. डावीकडे जूदोवाले, मधोमध कराटेवाले, उजवीकडे काठीवाले. दर शुक्रवारी संध्याकाळी हे तिन्ही गट एकत्र सराव करीत, आणि सरावापूर्वी भिंतीवरच्या तसबिरीतल्या गुरूंना कमरेत वाकून वंदन करीत. आज तिथे तसबीर नव्हती. होता तो भिंतीच्या विटलेल्या रंगात जपून राहिलेला एक टवटवीत हिरवा चौकोन. जणू गुरूंनी जाताना आपली अनुपस्थितीच खिळ्याला टांगून ठेवली होती. सवयीने काहींच्या कमरा अर्ध्या वाकल्या होत्या, आणि आता पुढे जावे की मागे फिरावे, हे त्या कमरांना उमगत नव्हते. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

नोरीन पास्कुआला ही शांतता ओळखीची होती. नवरा गेल्यानंतर तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती हीच शांतता येऊन बसत असे. त्यातून तिची सुटका केली ती शुक्रवारांनी. इथे तिचे सांत्वन कोणी करीत नसे. तिला सरळ उचलून आपटत, आणि मग उठायला हात देत. आयुष्याने यातले पहिलेच काम केले होते.

"घाबरू नका," मागून आवाज आला. "मी आहे."

नोरीनने डोळे मिटले.

"मी, एवरिस्तो मेडेरोस! ज्याने उभी हयात विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा तपासल्या. चेहरा पाहून आतला आंबा ओळखणारा, आणि आवाज ऐकून तो पिकला की कच्चा हे सांगणारा! लोक मला या बेटाचा तिसरा डोळा म्हणतात."

"कोण म्हणतं?" जूदोच्या गुरुबाई हिसाको आंटींनी विचारले.

"म्हणतील."

एवरिस्तो अंकलच्या कमरेला तीन पट्टे होते, एकावर एक, आणि तिन्ही पांढरे. जूदो, कराटे आणि काठी या तिन्ही शैलींच्या पहिल्याच पायरीवर त्याने दीर्घकाळ वास्तव्य केले होते. शोधकाने कोणत्याही बाजूला झुकू नये, असे तो त्याचे कारण सांगे. नोरीनने एकदा पावसात त्याला गाडीतून घरी सोडले होते. तेव्हापासून ती त्याची सहायक होती. या नेमणुकीविषयी तिचे मत कोणी विचारले नव्हते.

तपासाचे कार्यालय स्वयंपाकाच्या ओट्यामागे उघडले. भाताच्या कुकरची वाफ साक्षीदारांच्या तोंडावर येत होती, आणि त्यामुळे माणूस खरे बोलतो, असे एवरिस्तोचे म्हणणे होते.

"उघड आहे," हिसाको आंटी कुजबुजल्या. "काठीवाल्यांनी स्वतःचे गुरू उतरवून नेले. चाललेत ते आपल्याला सोडून. त्यांच्या प्रुडेन्सियोच्या मुलाने सरावासाठी गॅरेज रिकामं केलंय, मी पाहिलंय."

त्यांच्यामागून कराटेचे सेइतोकु अंकल आले. "जूदोवाल्यांचं ठरलं म्हणायचं. इतकी वर्षं त्यांच्या गुरूंचा मान राखला, कधी एक दिवस चुकलो नाही. जायचंच होतं, तर आंटींनी तोंडावर सांगायचं होतं."

काठीचे प्रुडेन्सियो अंकल तर बसलेच नाहीत. "कराटेवाल्यांना आमची काठी पहिल्यापासून खुपते. घेऊन जा म्हणावं तुमचे गुरू! पण माझ्या बायकोने आज सगळ्यांसाठी कोंबडीचा अदोबो केलाय, तो कोण खाणार?"

हॉल मिळत होता तो तिन्ही गट मिळून भाडे भरत म्हणून. एक गट गेला की शुक्रवार मोडला. आणि शुक्रवार मोडला, की नोरीनचे टेबल होते, ती होती, आणि पाहुणी म्हणून तीच जुनी शांतता होती.

"अंकल," ती म्हणाली, "प्रत्येकजण ती तसबीर दुसऱ्याची समजतोय."

"साक्षीत विसंगती असायचीच. तू जमिनीकडे बघ." एवरिस्तो गुडघ्यांवर रांगत होता. "हा डाग! कॉफी! कॉफी कुठे पिकते? बेटाच्या पलीकडच्या टोकाला, कोना गावात. म्हणजे कोनाच्या आखाड्यातून माणूस आला, मत्सराने पेटलेला—"

"तो तुमचाच कप आहे. तुमच्या हातातला. गळतोय."

एवरिस्तोने कपाकडे विश्वासघात झाल्यासारखे पाहिले. "आपल्याला चकवण्यासाठी. हुशार आहे चोर. पण हे स्टूल पाहा. स्टुलावर चढला, म्हणजे बुटका."

"स्टूल कायम इथेच असतं."

"मग चढला नाही, म्हणजे उंच. बघ, एका स्टुलाने निम्मं हिलो निर्दोष ठरलं. कोणतं निम्मं, एवढंच काय ते राहिलं."

दाराजवळच्या बाकावर सोलोमन कानेकोआ उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. समोरच्याच घरात राहणारा हा म्हातारा दर शुक्रवारी सराव पाहायला येई. हवाई, चिनी, पोर्तुगीज अशा किती रक्तांच्या ओढ्यांनी तो चेहरा घडवला होता कोण जाणे; पाहणाऱ्याला त्यात आपला कोणीतरी काका सापडायचाच.

"पोरा," तो म्हणाला, "ती तसबीर—"

"अंकल, तपास चालू आहे." एवरिस्तोने हात वर केला. "नोरीन, प्रेक्षकांना वगळ."

मग त्याने सर्वांना हॉलच्या मध्यभागी बोलावले आणि आपला अंतिम सिद्धान्त मांडला. चोर नव्हताच. रोजच्या हेव्यादाव्यांना कंटाळून गुरू स्वतःच भिंत सोडून निघून गेले होते. सगळे हसले, पण ते हसणे घशापर्यंत येऊन परत गेले.

"कोणाचे गुरू?" नोरीनने मोठ्याने विचारले. आपला आवाज इतका चढेल, असे तिला वाटले नव्हते. "एकदा सांगून टाका. कोणाचे होते ते?"

सेइतोकु अंकलनी हिसाको आंटींकडे बोट दाखवले, आंटींनी प्रुडेन्सियो अंकलकडे, आणि प्रुडेन्सियो अंकलनी सेइतोकु अंकलकडे. तिन्ही बोटे हवेत राहिली. त्या त्रिकोणात कितीतरी वर्षांचा आदर गोल गोल फिरत होता, आणि त्याला उतरायला जागा नव्हती.

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीत?" एवरिस्तोने दरडावले.

"दुसऱ्याच्या गुरूचं नाव विचारायचं?" हिसाको आंटी म्हणाल्या. "आधी विचारायचं राहिलं. मग विचारायची लाज वाटायला लागली."

आणि मग, ज्या गुरूंना एवढा वेळ कोणी पत्करत नव्हते, ते बेवारस आहेत असे कळताच प्रत्येकाला हवेसे झाले.

"तसं पाहिलं तर ते आमचेच असणार," सेइतोकु अंकल म्हणाले. "पांढरा पोशाख, कमरेला काळा पट्टा. आणि तो उजवा हात!"

त्या उजव्या हातावर शुक्रवारच्या जेवणानंतर किती वाद झडले होते! तसबिरीची एक बाजू कापलेली होती; गुरूंचा वाकवलेला उजवा हात कडेशी येऊन मनगटापाशी संपे. पंजा अदृश्य. पसरलेल्या डाव्या हाताचा पंजा हिलोच्या बुरशीने खाल्ला होता. त्या दिसत नसलेल्या हातांत काय होते, यावर तिन्ही शैलींचे सारे तत्त्वज्ञान उभे होते.

"मूठ!" सेइतोकु अंकल पवित्र्यात उभे राहिले. "डाव्याने अडवायचं, उजव्याची मूठ लपवायची."

"मूठ कसली? समोरच्याची कंबर धरलीय." हिसाको आंटींनीही तोच पवित्रा घेतला. "आता वळायचं आणि फेकायचं."

"अहो, उजव्या हातात काठी आहे, फोटोत मावली नाही एवढंच!" प्रुडेन्सियो अंकलही तसेच उभे राहिले.

तीन ज्येष्ठ माणसे एकाच पवित्र्यात, एकमेकांना न जुमानता, डावा हात पसरून आणि उजवा हात वाकवून स्तब्ध उभी होती. नोरीन त्या हातांकडे पाहत नव्हती. तिला दिसत होती ती त्या हातांमधली जागा. प्रत्येकापुढे एक पोकळी होती, आणि तिला कंबर होती, खांदे होते, थोडीशी उंची होती. तिच्या घरातही अशीच एक पोकळी वावरत असे, म्हणून की काय, तिला ती चटकन ओळखता आली. ती चालत गेली आणि सेइतोकु अंकलच्या पुढ्यात उभी राहिली. त्यांच्या डाव्या हातात तिने आपला हात दिला. त्यांचा तो गूढ, जीवघेणा उजवा पंजा तिच्या पाठीवर अलगद येऊन टेकला आणि तिथेच राहिला, कारण दुसरीकडे जायला त्याला वावच नव्हता.

सेइतोकु अंकल कानापर्यंत लाल झाले.

"अहो," नोरीन म्हणाली, "हा तर नाच आहे."

"कोपर वर," दाराकडून आवाज आला. "अजून वर. मागे भक्कम भिंत आहे, असं वाटायला हवं तिला."

सोलोमनने बाकाखालून टॉवेलात गुंडाळलेली तसबीर काढली. "केव्हाचा सांगतोय, पण हा पोरगा बोलू देईल तर ना."

सगळे भोवती जमले. सोलोमनच्या चेहऱ्याच्या सुरकुत्या मनातल्या मनात पुसल्या, की तसबिरीतले गुरू समोर शेंगा खात होते.

"पण हा पोशाख..." सेइतोकु अंकलचा आवाज खोल गेला.

"भाड्याचा कोट. कमरेला रेशमी पट्टा. तेव्हा हा नाचाचा हॉल होता. आम्ही स्पर्धा जिंकलो, त्यांनी फोटो टांगला. पुढे हॉल बंद पडला, फोटो राहिला. मग तुम्ही आलात, आणि आल्या आल्या वाकलात." त्याने शेंगेचे टरफल खिशात ठेवले. "मला वाटलं, फारच सभ्य माणसं आहेत."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" हिसाको आंटी ओरडल्या.

"आंटी, माझ्या घरी मांजरसुद्धा मला विचारत नाही. इथे दर शुक्रवारी एवढी माणसं माझ्यापुढे वाकतात. मी कशाला मोडता घालू?"

आधी प्रुडेन्सियो अंकल हसले, मग बाकीचे. आणि या वेळी हसणे घशात थांबले नाही.

"म्हणजे तुम्ही चालला नाहीत?" हिसाको आंटींनी डोळे पुसत प्रुडेन्सियो अंकलना विचारले.

"कुठे जाणार? त्या गॅरेजमध्ये मुलाने बोट आणून ठेवलीय. तुम्ही?"

"मी? या गुडघ्यांनी?"

वंदनाचा प्रश्न मात्र राहिलाच. अखेर सगळे गोल उभे राहिले आणि एकमेकांना वाकले. गोल जरा लहान पडला; सेइतोकु आणि प्रुडेन्सियो यांची टाळकी अशी आपटली, की त्या संध्याकाळची पहिली दुखापत सरावाआधीच नोंदली गेली. मग धडाधड माणसे पडू लागली. नोरीन पडली, उठली, पुन्हा पडली, आणि प्रत्येक वेळी एक वेगळा हात तिच्यापुढे आला.

"गुरू स्वतःच निघून गेले, असं मी म्हटलंच होतं," एवरिस्तो दाराशी म्हणाला. त्याला ऐकायला तिथे फक्त सोलोमन होता, आणि तो निघायच्या तयारीत होता. "बघू, पुरावा म्हणून एकदा."

त्याने तसबीर हातात घेतली आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बॅगेच्या अस्तरावरून फिरवावा, तसा. तो थांबला. पुन्हा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावरचा सारा डामडौल उतरला, आणि विमानतळावर उभे आयुष्य काढलेला एक थकलेला, लक्ष देऊन पाहणारा माणूस तेवढा उरला.

"हे फाडलेलं नाही," तो हळू म्हणाला. "रागाने माणूस फाडतो. ही कात्री आहे. हळूहळू चालवलेली, नाचातली जोडीदारीण दिसू नये पण तिला इजाही होऊ नये अशी." त्याने सोलोमनकडे पाहिले. इस्त्रीचा शर्ट. आजच केलेली दाढी. "आणि इतक्या वर्षांत नाही, ती तसबीर तुम्ही आज उतरवलीत. तिलाच दाखवायला निघालात. अंकल, कापलं कोणी? तुम्ही, की तिने?"

सोलोमनने त्याच्या हातातून तसबीर घेतली, टॉवेलात नीट गुंडाळली, आणि पायऱ्यांवरच्या सपातांच्या ढिगातून पायाने चाचपून आपली जोडी शोधली. मग तो पावसात उतरला. त्याचे घर समोरच होते. निघताना त्याने लावलेला दिवाही तिथे जळत होता. रस्त्याच्या कडेला तो क्षणभर उभा राहिला, त्याने गुंडाळी शर्टाच्या आत सरकवली, आणि तो गावाच्या दिशेने चालू लागला.