सांतूचा गडगा

सांतूमाळ्याकडे पंचांग नव्हतं, गडगा होता. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यामागच्या बागेभोवतीची ती पुरुषभर उंच दगडी भिंत. कुठलंही साल विचारा, सांतू तिच्याकडे बघून सांगायचा. मी कॅसलरॉक स्टेशनात असिस्टंट मास्तर म्हणून आलो ते "डुक्कर शिरलं त्या साली". माझा थोरला जन्मला "गव्यानं कोपरा पाडला त्या साली". हे माझ्या बायकोला मुळीच आवडलं नव्हतं.

बागेचा इतिहास तो कुणालाही ऐकवी, पण त्यात साहेब औषधालाही नसत. तीन साहेब आले नि गेले. सांतूच्या लेखी इतिहास म्हणजे कोण कुठून आत शिरलं. "हितनं भेकर. हितनं साळिंदर." प्रत्येक खिंडार त्याने स्वतः बुजवलेलं. मुंगूस जाईल एवढी फट दिसली तरी त्याला जेवण गोड लागत नसे.

आणि तरी दिग्गी गावाच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, एक चांगलं ताटाएवढं भोक होतं. सांतू त्याला खिडकी म्हणे. त्याबद्दल विचारलं की त्याला लगेच झाडांना पाणी घालायचं आठवायचं.

नव्या साहेबाने ते बुजवायचा हुकूम सोडला. सांतू महिनाभर टाळत राहिला. माती सुकी हाय, दगड बसत न्हाई, अवस जवळ आली. शेवटी साहेबाने लोंढ्याहून गवंडी बोलावला. तो येणार त्याच्या आदल्या दुपारी, या हट्टी माणसाला चार शब्द सुनावावेत म्हणून मी बागेकडे गेलो.

सांतू गडग्याबाहेर उभा होता. फडक्यात बांधलेली भाकरी त्याने खिडकीत ठेवली. मग सगळ्या गडग्याला वळसा घालून दारातून आत गेला, खिडकीपाशी बसला आणि हात घालून भाकरी घेतली. मी त्याच्या मागोमाग आत गेलो होतो.

"पैल्या सायबाचा हुकूम व्हता, बाईमाणसाला आत सोडायचं न्हाई," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "पारी हितनं भाकरी द्यायची. हितनं घेतली म्हंजे अजून तिनंच दिल्यागत वाटतं, मास्तर."

पारी म्हणजे त्याची बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. चार शब्द राहिले बाजूला, मला माझीच लाज वाटली.

संध्याकाळी मी साहेबाला छातीठोकपणे सांगितलं, की ते भोक पावसाचं पाणी निघून जायला ठेवलं आहे. कमरेएवढ्या उंचीवर! पण साहेबाने इथला पाऊस अजून पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता. त्याने गवंड्याला परत पाठवलं.

पुढे माझ्या धाकटीच्या जन्माचं साल कुणीतरी विचारलं. सांतू तिथेच होता. "मास्तरानं खिडकी राखली त्या साली," तो म्हणाला. या खेपेला ते बायकोलाही आवडलं.