खंडेनवमीची फिल्म

खंडेनवमीला लेसरची पूजा करायची, असं बोरस्ते सरांनी ठरवलं. सर नाशिकच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख. लेसरचं बटण कुठं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण नारळ कुठं फोडायचा हे पक्कं ठाऊक होतं.

लेसरपुढे त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीची, तृप्तीची, फिल्म बसवलेली होती. नखाएवढी काच, तिच्यावर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ चुंबकी थर. लेसरचा एक झटका बसला, की पापणी लवायच्या आत अब्जदा होईल इतक्या झपाट्यानं तिथलं चुंबकत्व उलटं होई. फिल्म परदेशातून यायला आठ महिने लागले होते. दसऱ्यानंतर पुण्याच्या परीक्षक मॅडम येणार, त्यांच्यासमोर ती उलटली नाही तर पीएच.डी. बंद.

"सर, फिल्मला नको."

"का? संस्कार काय फक्त मशीनला?" म्हणत सरांनी कुंकवाचं ओलं बोट थेट काचेवर टेकवलं.

मॅडम यायच्या दिवशी तृप्ती सकाळीच पोचली, तर शिपाई सहादूमामा समाधानानं हात पुसत उभे.

"सरांनी सांगितलं, कुंकू काढ. पूजेच्या तांब्यागत लिंबू-राखेनं घासली, ताई. लय काळी पडली व्हती. आता बघा, आरपार दिसतंय."

दिसत होतं खरं. काचेतून भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीसुद्धा वाचता येत होती.

अकराला मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "यावर थर कुठंय?"

"मी हिला कधीचा सांगतोय, तुझ्याच्यानं व्हायचं नाही," सर लगेच म्हणाले.

"थर लिंबू-राखेनं गेला, मॅडम," तृप्ती म्हणाली. "कुंकू काढताना."

"कुंकू कुणी लावलं?"

सरांना अचानक खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

मॅडमनी पर्समधून डबी काढली. "तुमचा लेसर तपासायला माझी फिल्म आणलीय. आमच्याकडेही नवमी असते बाई. मी पूजेला साधी काच मांडते, आणि खरी चार दिवस घरी साड्यांच्या कपाटात. लाव ही."

तृप्तीनं फिल्म बसवली. झटका दिला. पडद्यावर पांढऱ्यात एक काळा ठिपका उमटला; चुंबकत्व उलटलं होतं.

"मी पहिल्यापासून म्हणतोय, पोरगी हुशार आहे," सर खिडकीतून वळून म्हणाले.

मॅडम कागदावर सही करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "उलटायला किती वेळ लागला गं?"

"फिल्मला?"

"नाही."

तृप्तीनं सरांकडे एकदा पाहिलं. "आपल्या उपकरणावर मोजता येत नाही, मॅडम."