लोकरीच्या फुलांची हजामत

लोकर गुंडाळणं बायकोचं आणि कापणं आपलं, असं काकांनी त्या दुपारी ठरवलं आणि तिथेच घात झाला.

सगळी गल्ली त्यांना कटिंगवाले काका म्हणायची. आता नुसतं काका म्हणते. मुलाने त्यांचं जुनं दुकान मोडून चकचकीत सलून केलं, चार खुर्च्या मांडल्या आणि म्हणाला, बाबा, आता तुम्ही आराम करा. (आराम हा शब्द ज्याने शोधला त्याची काकांनी मनातल्या मनात बिनपाण्याने केली होती.) मुलाचं कारण एवढंच, की एका जुन्या गिऱ्हाइकाचा डावा कल्ला जरा वर गेला होता. फार नाही, भुवईपर्यंत. काकांच्या मते त्यांचा हात थरथरत नव्हता, कापण्याआधी थोडा विचार करत होता. चारातली एक खुर्ची आपल्याला मिळावी, हा विषय मुलापाशी कसा काढावा याचीच त्यांना रात्रंदिवस काळजी होती.

सलूनच्या उद्घाटनासाठी काकू लोकरीची फुलं करत होत्या. पुठ्ठ्यावर लोकर गुंडाळायची, मधोमध दोरा आवळायचा, कडा कापून गोंडा फुलवायचा आणि तारेच्या देठावर बसवायचा. टोपलीभर गोंडे तयार होते, पण झिपरे. छाटून गोल करायचं काम तेवढं राहिलं होतं. काकू तार आणायला बाहेर पडल्या आणि काकांनी कात्री उचलली. असं काम करायचं की मुलाने आपणहून खुर्ची पुढे करावी.

पहिला लाल गोंडा डावीकडे उंच वाटला. डावी बाजू कापली तर उजवी उंच झाली. उजवी कापली तर वर झुलूप राहिलं. (गोंडा बिचारा एका शब्दाने बोलला नाही. अशी गिऱ्हाइकं हल्ली मिळत नाहीत.) मोसंब्याचं लिंबू झालं, लिंबाचं बोर. दुसऱ्याचा मधला दोराच कापला गेला आणि तो जागच्या जागी संपला. आता थांबावं हे काकांना कळत होतं. पण एक तरी नीट जमल्याशिवाय कात्री खाली ठेवायची म्हणजे मुलाचं म्हणणं खरं ठरणार. त्यांनी सगळी टोपली संपवली.

काकू आल्या तेव्हा जमिनीवर लोकरच लोकर होती आणि टोपलीत बोरं.

"अहो, हे काय केलंत?"

"फिनिशिंग," काका म्हणाले, पण आवाज पार उतरला होता.

काकूंच्या ओठावर बरंच काही आलं होतं. तेवढ्यात मुलाची मोटरसायकल दारात थांबली आणि त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला. त्यांनी कात्री काढून घेतली, काकांना आतल्या खोलीत पिटाळलं आणि मुलाला सांगितलं, की मीच कापले, बिघडले.

मुलगा खाली बसला. एक गोंडा हातात घेऊन त्याने सगळीकडून फिरवून पाहिला. मग अगदी हळू आवाजात, पण आत ऐकू जाईल इतपत, तो बोलला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, आई. पण तुझाही हात आता बाबांसारखा झालाय. त्यांना तोंडावर सांगवत नाही मला. तू तरी कात्री सोड."

काका भिंतीला टेकून उभे होते. आयुष्यात कुणाचं बोलणं त्यांना इतकं लागलं नव्हतं. बाहेर जावं आणि खरं काय ते सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं. ते बाहेर आलेही.

"बाबा, तुम्ही घरातच होतात ना?" मुलगा म्हणाला. "आईला अडवायचंत तरी."

काकांनी काकूंकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"कितीदा सांगितलं हिला," ते म्हणाले. "पण एका वयानंतर माणूस ऐकत नाही रे."