काट्यावरचं स्वस्तिक

“दिसतंय का काही? तर नाही. बघायचं का? तर रोज,” मशीनच्या तोंडाशी तोंड नेऊन छाया पुटपुटली.

सिन्नरच्या त्या कारखान्यात लाकडाचा लगदा पाण्यात कालवून दोन दगडांमधून पुन्हा पुन्हा दळायचे. दळण जमलं की लगद्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि त्याची कागद मजबूत करायला लागणारी घट्ट जेली होते. ग्लास उपडा केला तरी पडत नाही. दगडांमधलं अंतर मशीनच्या तोंडावरच्या काट्यावर बघत राहायचं, हे छायाचं काम. वर्षानुवर्षं पॅकिंगला उभं राहून गुडघे झिजवल्यावर ही खुर्ची मिळालेली, त्यामुळे तिला ती सिंहासनासारखी वाटायची.

अडचण एकच. दसऱ्याला मालक गोरक्षसाहेबांच्या आई, नवसाबाई, यंत्रपूजेसाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरून मुद्दाम आल्या आणि चष्मा घरी विसरल्या. तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक त्यांनी नेमकं काट्याच्या काचेवर काढलं. सगळ्यांनी हात जोडले, फोटो काढले. पुसणार कोण?

तेव्हापासून छाया कुंकवाच्या फटीतून डोकवायची आणि मशीनवरचा तिचा जोडीदार अमोल दगडांच्या आवाजाला कान लावायचा. ग्लासात मात्र जेलीऐवजी रोज पातळ ताकच. साहेबांनी पाणी बदललं, लगदा बदलला. शेवटी मशीनचं तोंड पूर्वेला फिरवलं. फिरवताना धक्का लागू नये म्हणून दोन माणसं नुसती स्वस्तिक सांभाळत होती. काट्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आज पुण्याहून कागद कारखान्याचे पाहुणे यायचे होते. जेली झाली तर ऑर्डर; नाही तर मशीन विकायचं आणि छाया परत पॅकिंगला.

“ताई, बाईमाणसानं पुसलं तर चालतं म्हणे,” अमोल हळूच म्हणाला.

“कोण म्हणे?”

“मीच.”

तेवढ्यात साहेबांबरोबर पाहुणे आत आले आणि लगद्याची नळी सुटली. पांढरा फवारा थेट मशीनच्या तोंडावर. अमोलने बटण बंद केलं. छायाने, लेकराचं तोंड पुसावं तसं, पदराने मशीनचं तोंड खसाखसा पुसलं. पदर लाल झाला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं.

काटा लख्ख दिसत होता. दगडांमध्ये एवढं अंतर की ज्वारीसुद्धा अख्खी निघाली असती. साहेबांकडे न बघता तिने चाक फिरवलं, काटा जागेवर आणला. नळी बसली, दळण सुरू झालं. पाहुण्यांचं जेवण होईपर्यंत लगदा दगडांतून फिरत राहिला. मग छायाने ग्लास भरला आणि मुख्य पाहुण्यांच्या थेट टकलावर उपडा धरला.

थेंब पडला नाही.

टाळ्या चालू असतानाच पेढ्यांचा पुडा घेऊन नवसाबाई दारात उभ्या राहिल्या. आज चष्मा होता. टाळ्या विरल्या. साहेब नळीचं काहीतरी सांगू लागले. छायाने पदराची लाल बाजू आत दुमडली.

नवसाबाईंनी काच निरखून पाहिली.

“पुसलं का एकदाचं? फोटो बघितला तव्हाच कळलं मला, काट्यावरच काढलं म्हणून. लय वाटायचं सांगावं. पण गोरक्ष म्हणाला, छाया दिवसभर त्याच्यापुढं डोळे लावून बसती. म्हटलं, पोरीची एवढी भक्ती हाय, आपण कशाला मोडा?”