लवकरच सुरू होणारं विमान

सकाळी नऊला विमान कंपनीचा फोन आला. मंगळवारचं थेट विमान रद्द, आणि त्यानंतरचीही सगळी. पलंगावर उघडी बॅग, तिच्यात घरी शिवलेली सहा झबली आणि साता समुद्रापार लेकीचे दिवस भरत आलेले. बायको नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही विमान खात्यात कक्ष अधिकारी ना? बघा की काहीतरी!"

"बघतो," ते म्हणाले. अठरा वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत आले होते.

तिकीट जावयाने काढलं होतं. ते कोणत्या कंपनीचं, हे विचारायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. ऑफिसात जाऊन त्यांनी फाईल उघडली. त्या मार्गावर विमान नेणाऱ्या परदेशी कंपनीने परवानगी वाढवून मागितली होती. त्यावर महिन्यापूर्वी कोणीतरी झोकात लिहिलं होतं, 'देशी कंपनी या मार्गावर लवकरच थेट सेवा सुरू करणार असल्याने तिचे हित जपणे आवश्यक. परवानगी नाकारावी.' अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांचंच होतं.

ते साहेबांकडे धावले.

"साहेब, या मार्गाचा फेरविचार करता येईल का?"

"आता कसला फेरविचार? सगळ्या संबंधितांना बोलावून बैठक घेतली होती की आपण!"

"सगळ्या म्हणजे?"

"देशी कंपनीचे अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, त्यांचे सल्लागार होते. अजून कोण राहिलं?"

"विमानतळवाले… प्रवासी…"

"प्रवाशांना कुठे बसवता? खुर्च्या पुरल्या असत्या का?"

घरी येऊन त्यांनी "वरूनच झालंय गं" म्हणत हात वर केले. पण बायको गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तिने रातोरात खात्याच्या वेबसाइटवर सविस्तर तक्रार ठोकून दिली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ते तिने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

"'प्रवाशांचे हित सर्वोपरी आहे. देशी कंपनीची थेट सेवा लवकरच सुरू होत असून तोवर सहकार्य करावे.' छान लिहिलंय. सही मात्र ओळखीची वाटतेय हो."

त्यांनी आमटीची वाटी पुढे ओढली. "रोज शंभर उत्तरं जातात गं. मी वाचत नाही, नुसती सही करतो."

"मग माझंही कशाला वाचाल?"

जावयाने दुसरं तिकीट काढलं. दोन ठिकाणी विमान बदलत, दुखरे गुडघे सांभाळत, एकतीस तासांनी बायको लेकीकडे पोचली. नात पाच तास आधीच जन्मली होती.

फोनवर नातीचं रडणं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा खरं कळलं. इकडे गॅसवरचं दूध उतू जाऊन करपत होतं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "परत कधी येतेस?"

"येते की! एवढी वणवण पुन्हा नाही बाई जमायची. देशी कंपनीची थेट सेवा सुरू झाली, की पहिल्याच विमानाने येते." मग तिने विचारलं, "लवकरच होतेय ना?"

कंपनीने या मार्गासाठी अजून एकही विमान घेतलेलं नव्हतं. तसं त्या फाईलच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते पान त्यांनीच टाचलं होतं.

"हो," ते म्हणाले, आणि फोन ठेवून करपलेलं पातेलं घासायला घेतलं.