शेवंतीचा नववा ठिपका

आमच्या पागेतल्या अबलख घोड्यांचे ठिपके चालतात, आणि घोडे त्यांच्या मागोमाग चालतात. लोकांना वाटतं, आम्ही घोड्यांना नाचायला शिकवतो. घोड्याला काहीच शिकवावं लागत नाही. समोर हलगी वाजवून ठिपक्यांना तेवढं वळण लावायचं असतं. खांद्यावरचा ठिपका पुढे सरकला की घोडं पाय उचलतं, पुठ्ठ्यावरचा गोल फिरला की घोडं गिरकी घेतं. आम्ही रणनवरे तीन पिढ्या हेच करत आलोय, आणि वरातीत नाचायला आमची जनावरं सोलापूरपासून बेळगावपर्यंत गेली आहेत.

ठिपके संध्याकाळी खातात. वाटीभर पाण्यात गूळ कालवायचा आणि बोटाने एकेका ठिपक्यावर लावायचा, एवढाच त्यांचा खर्च. पण पागेच्या दारावर माझ्या आजोबांनी गेरूने एक नियम लिहून ठेवला आहे: ‘ठिपक्याला घोड्यावरच चारावे, इतरत्र चारू नये.’ कारण जिथे खायला मिळतं ते घर, असं ठिपका धरून चालतो. एकदा आमचा एक ठिपका शेजारच्या जगतापांच्या भिंतीवर जाऊन बसला. जगतापकाकूंना दया आली, त्यांनी त्याला आठवडाभर गूळ लावला. भिंत वीतभर आमच्या बाजूला सरकली. मोजणीदाराने ते नकाशात धरलं आणि विषय संपला. काकू अजून त्या वीतभर जागेत तुळस लावतात आणि आमच्याकडे बघत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू सुधारला, हात नाही. घोड्याच्या धंद्यात उजवा हात जाणं म्हणजे तोंड जाण्यासारखं आहे. आमच्याकडे सौदा बोलून होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो, तोही उजव्याच हाताने. डाव्या हाताशी कोणी सौदा करत नाही. तेव्हापासून यात्रेत तात्या नुसतेच खाटेवर बसायचे आणि उपरण्याखाली हात मी घालायचे. एका बाईच्या हाताशी घासाघीस करताना गिऱ्हाइकं इतकी अवघडायची की भाव पटकन ठरायचा. तात्यांना ते मुळीच आवडायचं नाही. म्हणायचे, “ह्येला काय सौदा म्हंत्यात? रंगलाच न्हाई.”

शेवंती ही आमची पाच वर्षांची घोडी. पांढरीशुभ्र, अंगावर नऊ तांबूस ठिपके. आठ ठिपके ताटाएवढे, आणि नववा विड्याच्या पानाएवढा, डाव्या कुशीवर. दिवाळीत सांगोल्याकडचे हणमंत लवटे येऊन तिला बघून गेले. त्यांचं बँडपथक आहे. त्यांनी ठिपके दोनदा मोजले, शेवंतीचा नाच बघितला आणि माघातल्या यात्रेत घेतो म्हणून शब्द दिला.

मार्गशीर्षात एके दिवशी तात्या डाव्या हाताने शेवंतीला खरारा करत होते. उजवा हात नेहमीसारखा तिच्या कुशीला टेकून ठेवलेला. थोड्या वेळाने त्यांनी कान खाजवला. कान खाजवून झाल्यावर तो कुठल्या हाताने खाजवला हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं. नववा ठिपका त्यांच्या उजव्या मनगटावर बसला होता.

तात्यांनी बोटं मिटली, उघडली. मग ठिपक्याकडे बघून म्हणाले, “बसू दे. दमला आसंल. सांजच्याला जाईल माघारी.”

तो गेला नाही, कारण मी त्याला जाऊ दिलं नाही. दिवेलागणीला तात्या ओट्यावर डुलकी घेत होते. मी आठ ठिपक्यांना शेवंतीवर गूळ लावला आणि नवव्याला तात्यांच्या मनगटावर. पुढेही रोज त्यांचा डोळा लागल्यावर मी हेच केलं. मला नियम पाठ होता. पण तीन वर्षं मी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होते, आणि दर वेळी ते माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत राहायचे. ते बघणं बंद झालं तर मला हवं होतं. मला त्या वेळी जराही वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

शेवंतीचं मात्र बिघडलं. हलगीवर ती आठ ठेके बरोबर धरायची. नवव्याला थांबायची आणि मान वळवून डाव्या कुशीकडे बघायची. मग पुन्हा पहिल्यापासून. तात्या हलगी खाली ठेवून मनगटाला म्हणायचे, “आरं, घरचा रस्ता इसरलास का काय?” मी काहीतरी काम काढून आत जायचे.

माघात आम्ही शेवंतीला टेम्पोत घालून यात्रेला नेलं. मला वाटत होतं की लवटे आता काही पुन्हा मोजत बसणार नाहीत. एक पानाएवढा ठिपका कोणाच्या ध्यानात येतो.

लवट्यांनी सवयीने माझ्यासमोर हात धरला. तात्या म्हणाले, “हिकडं. मी हाय.” आणि उपरण्याखाली त्यांनी उजवा हात घातला.

“तात्या, हात आला म्हणायचा,” लवटे म्हणाले.

“आला.”

दोन दाबांत संपेल असा सौदा तात्यांनी पाऊण तास चालवला. उपरणं नुसतं हलत होतं. मधेच लवटे हसायचे, मधेच तात्या मान हलवून आकाशाकडे बघायचे. शेजारच्या खुंट्यांवरचे चार लोक येऊन उभे राहिले. भाव काय ठरला ते मला आजही माहीत नाही, ते त्या दोघांतलं. पण उपरणं काढलं तेव्हा तात्यांचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

मग नोंदणी. यात्रेतल्या मांडवात भोसेकर नावाचे कारकून टेबल टाकून बसले होते. त्यांनी दाखल्यावर वय, उंची, भोवरे लिहिले आणि शेवंतीभोवती एक फेरी मारली.

“ठिपके आठ.”

“नऊ,” लवटे म्हणाले.

“आठ आहेत. तुम्ही मोजा.”

लवट्यांनी मोजले. मग ते तात्यांकडे वळले. त्यांच्या नजरेत जे आलं ते आमच्या घराण्याने तोवर कोणाच्या नजरेत बघितलं नव्हतं. तात्यांनी गडबडीने बाही वर केली. “नववा ह्यो बगा. माझ्यापाशी हाय. कुठं गेला न्हाई.”

भोसेकरांनी चष्मा वर करून मनगट तपासलं आणि नियमांची चोपडी काढली. “ठिपका विकणाऱ्याच्या अंगावर आढळल्यास तीन मार्ग आहेत. बाजार उठायच्या आत तो जनावरावर परत द्यायचा. नाहीतर सौदा रद्द. नाहीतर विकणारा इसम जनावरासोबत ताब्यात द्यायचा. तिसऱ्याला वेगळा फॉर्म आहे.”

“परत देतो की,” तात्या म्हणाले आणि त्यांनी मनगट शेवंतीच्या कुशीला लावलं. शेवंतीने मान वळवली. आम्ही सगळे बघत राहिलो. ठिपका जागचा हलला नाही.

“शेवटचं कुठे खाल्लं त्याने?” भोसेकरांनी विचारलं.

मग मीच बोलले. “हातावर.”

“किती दिवस?”

“चाळीस.”

“चारलं कोणी?”

“मी.”

तात्या माझ्याकडे बघत राहिले. चार माणसांत ते मला काय बोलतील याची मी वाट बघत होते. शेवटी म्हणाले, “तरीच. रोज उठून बघतुय तर हाताला मुंग्या.”

लवट्यांनी तिसऱ्या मार्गाचा मनापासून विचार केला. तो माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तात्यांचं जेवान किती आसतं?”

“दोन्ही वेळेला एक एक भाकरी,” मी सांगून बसले.

“मग परवडतंय. पर वरातीत घोडीच्या डाव्या अंगाला हात धरून नाचावं लागंल. ताशेवाला नवव्या ठिपक्यावरच सम धरतो.”

“मला न्हाई नाचता येत,” तात्या मागून म्हणाले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. “परतच देतो. माझ्या बानं न् मी मिळून शंभर तरी जनावरं दिली आसतील. अधुरं एक दिलं न्हाई.”

“सौदा रद्द करा, तात्या,” मी म्हणाले. “घोडी घरी राहील. आठ ठेक्यांची तर आठ ठेक्यांची. हात पुन्हा येणार नाही.”

“मला इचारू नगंस. तिला इचार.”

शेवंती मान वळवून तशीच उभी होती. कुशीवरची ती पांढरी जागा ती नाकाने हुंगत होती. चाळीस दिवस ती हेच करत होती आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

तात्यांनी भोसेकरांकडे तासाभराची मुदत मागितली. भोसेकरांनी तशी नोंद केली. मी चहाच्या टपरीवरून गूळ आणला, पाण्यात कालवला आणि शेवंतीच्या कुशीवरच्या रिकाम्या जागेवर लावला. तात्यांचं मनगट ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून काढलं.

मग तात्यांनी तो तास वापरला. आधी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. तंबाखू मळली, पण खाल्ली नाही, लवट्यांना दिली. शेवंतीची आयाळ विंचरून तिच्या अकरा वेण्या घातल्या, दोन्ही हातांनी, आणि प्रत्येकीला गाठ मारली. माझ्या केसांत गवताची काडी अडकली होती ती काढली. शेवटी उजव्या हाताने खरारा घेऊन शेवंतीला मानेपासून सुरुवात केली. डाव्या कुशीपाशी आले तेव्हा हात हळू झाला. ठिपका मनगटावरून तळव्यावर आला, तळव्यावरून खराऱ्यावर उतरला, आणि गुळाच्या ओलीवर जाऊन बसला. खरारा खाली पडला. तात्यांचा हात शेवंतीच्या अंगावरून घसरत त्यांच्या मांडीपाशी आला.

लवट्यांच्या माणसाने हलगी वाजवली. शेवंती नऊच्या नऊ ठेके नाचली, आणि नवव्याला तिने अशी गिरकी घेतली की मांडवातले लोक बाहेर आले. भोसेकरांनी दाखल्यावर लिहिलं: ठिपके नऊ, चालू स्थितीत. वेळ, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

परतताना टेम्पोत मी तात्यांच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. तात्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला. जरा वेळाने म्हणाले, “सुनंदा, ह्यो अंगठा बग.”

अंगठ्याच्या पेरावर मसुरीच्या डाळीएवढा तांबूस डाग होता. मी बघत असताना तो दाणाभर पुढे सरकला, आणि अंगठा हलला.

“ह्ये कवाचं?” तात्यांनी विचारलं.

“आठ दिवस झाले. मला तीळ वाटला.”

“म्हंजे दाखल्याच्या आधीचं.”

“आधीचं.”

“तरीबी इचारलं पायजे. ठिपका गाभण हाय म्हनून आपुन सांगितलं नव्हतं.” त्यांनी टेम्पो कडेला घ्यायला लावला आणि मला लवट्यांना फोन लावून कानाशी धरायला सांगितला.

“लवटे, रणनवरे बोलतुय. नवव्या ठिपक्याला पिल्लू झालंय. माझ्याकडंच ऱ्हायलं. तुमचं का आमचं ते सांगा, आजून लांब गेलो न्हाई.”

पलीकडे बँड वाजत होता. लवट्यांनी विचारलं, “केवढं हाय?”

“मसुरीएवढं.”

“कुठं हाय?”

“उजव्या अंगठ्यावर.”

“अंगठा हलतोय?”

तात्यांनी बघितलं. “हलतोय.”

“मग ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मोठं झालं की चांगल्या घोडीवर सोडा, मी बगायला यीन.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. तात्या म्हणाले, “गूळ कालव. थोडाच, बारकं हाय आजून.” मी त्यांच्यासमोर, त्यांच्या जागेपणी, अंगठ्यावर गूळ लावला. मग त्यांनी मला गेरू भिजवायला सांगितला. पागेच्या दारावर आजोबांच्या नियमाखाली त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: ‘पिल्लू लहान असल्यास सहा महिने माणसावर चारले तरी चालेल.’

सही कोणाची करायची म्हणून मी विचारलं. तात्यांनी एक हात दुसऱ्यात धरून पुढे केला आणि खाली अंगठा उठवला. उजवा.