उसनी आणलेली मेमरी

रोशनीचा कॉम्प्युटरवर मुलाखतीचा सराव चांगला रंगात आला होता. तिसरं उत्तर अर्धं टाइप झालं आणि

निळा पडदा.

"गेला!" रोशनी ओरडली.

"पुन्हा?" प्रेमदास चपला न काढताच आत आले. आवाजात काळजी कमी, उत्सुकता जास्त.

प्रेमदासांचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात कालव्याची दारं उघडण्यात आणि लावण्यात गेला होता. शेतात पाणी का पोचलं नाही, हे शोधायला एकेक दार तपासत मागे मागे जायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरातला पंखा, मिक्सर, देवळीतला दिवा, सगळं त्यांनी दुरुस्त करून संपवलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटर बिघडला तेव्हा पवनारच्या त्या घरात एका माणसाला मनातून आनंदच झाला होता.

पण उद्या दुपारी रोशनीची मुलाखत होती. पुण्याची कंपनी, काम घरी बसून करायचं, आणि अट एकच: मुलाखत कॉम्प्युटरवरच द्यायची, मोबाइल चालणार नाही. मधेच बंद पडला तर उमेदवार बाद. वर्ध्याचा दुकानदार म्हणाला होता, "ठेवून जा. आठ दिवसांनी पाहू."

"बाबा, मेमरी गेली असन नाई तं ती ज्याच्यात बसते थो मदरबोर्ड. दोनातलं एक," रोशनी म्हणाली.

"मंग शोधू ना. हाय काय त्यात!"

निदान पहिलं: मेमरी

कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. आत बोटाएवढ्या लांब दोन हिरव्या पट्ट्या उभ्या होत्या.

"एवढ्याशा पट्टीत समदं याद राह्यते?" प्रेमदासांनी विचारलं.

"एक तुमच्या डोक्यात बसवून घ्या," रोशनीची आई, भागीरथाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा सांगतलं, कोथिंबीर आणा म्हून."

एक पट्टी काढली. चालू केला. निळा पडदा. ती लावून दुसरी काढली. निळा पडदा. पट्टीची खाच बदलली. चालू झाला, चालू राहिला, अजून चालू होता, प्रेमदासांनी रोखलेला श्वास सोडला आणि

निळा पडदा.

"दोन्ही वावरात पाणी नाई पोचलं तं दोष वावराचा नसते, दाराचा असते," प्रेमदास म्हणाले. "मदरबोर्डच गेला."

"असं नाई सांगता येत. एक चांगली पट्टी पायजे, खात्रीची. तिच्यावरही नाई चालला तं मदरबोर्ड."

खात्रीची पट्टी गावात एकाच घरी होती. समोरचे वासुदेवराव भाजीपाला पिकवत. चार वर्षांपूर्वी मुलानं त्यांना आपल्या ऑफिसातला कॉम्प्युटर पाठवला होता. तो बैठकीत क्रोशाच्या झाकणाखाली बसलेला असे. "माहा कॉम्प्युटर आजवर एकदाही बंद नाई पडला," हे वासुदेवराव आल्यागेल्याला वांग्याच्या भावाइतक्याच ठामपणे सांगत.

भागीरथाबाई विरजण मागायला जावं तशा गेल्या, सोबत रोशनी. वासुदेवरावांनी झाकण पूर्ण उचलू दिलं नाही. "मांगून काढ बापा, जपून." पट्टी त्यांच्याच स्टीलच्या डब्यातून घरी आली.

बसवली. कॉम्प्युटर नुसता ओरडला. टूं… टूं… टूं…

निदान दुसरं: मदरबोर्ड

जी पट्टी चार वर्षांत एकदाही बिघडली नाही, ती या घरात आल्याबरोबर चालेनाशी झाली. आता शंकेला जागा उरली नव्हती. प्रेमदास खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उत्सुकता नव्हती. रोशनीच्या चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं.

"म्या डबा वापस देऊन येतो," भागीरथाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळानं प्रेमदास ताडकन उठले. "आपला मेला तं मेला. वासुदेवरावाचा तं जिवंत हाय! तिथंच देजो मुलाखत."

तिघं समोर पोचले तेव्हा वासुदेवराव गाल धरून बसले होते.

"वयनी, चिवडा झकास जमला," ते म्हणाले. "पण कढीपत्ता लय कडक व्हता जी." आणि त्यांनी डब्यातून हिरवी पट्टी वर काढली. तिला शेंगदाण्याचं फोलपट चिकटलं होतं.

"आई! चिवड्यात टाकली?"

"मंग? दुसऱ्याचा डबा रिकामा कसा देऊ? पट्टी वर ठेवली तं पडली असती. म्हून खाली ठेवली."

प्रेमदासांनी मुलाखतीचं काढताच वासुदेवरावांनी पट्टी डोळ्यांसमोर नाचवली. "आता कसा चालन, प्रेमदासजी? तुमच्या चिवड्यानं नास केला ना!"

"आत अजून एक हाय, काका. एकीवरही चालते," रोशनी म्हणाली आणि तिनं झाकण उचलून बटण दाबलं.

टूं… टूं… टूं…

"ही तं चिवड्यात नव्हती," रोशनी म्हणाली.

वासुदेवरावांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आल्यापासून असाच वरडते. पोरानं एवढ्या कौतुकानं पाठवला, त्याले कसं सांगू? म्हून झाकून ठेवला. पण म्या खोटं नाई बोललो. बंद कधीच नाई पडला. चालूच नाई झाला तं पडन कसा?"

दुसरा कोणी असता तर चिडला असता. प्रेमदासांचे डोळे चमकले. "रोशनी! म्हंजे खात्रीची पट्टी खात्रीची नव्हती! आपला मदरबोर्ड…"

"निर्दोष असू शकते."

निदान तिसरं: माहीत नाही

हे निदान प्रेमदासांना सगळ्यात जास्त आवडलं.

पण तेलकट पट्टी तशीच कशी परत द्यायची? रोशनीनं दोन्ही पट्ट्या घरी आणल्या, खोडरबर घेतलं आणि तेलकट पट्टीचे सोनेरी दात घासायला सुरुवात केली. तेल गेलं तरी रबर काळंच होत राहिलं.

"हे तेल नोये, बाबा. मळ हाय. जुना."

पुसलेली पट्टी घरच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. ओरडला नाही. सुरू झाला. बाप-लेकीनं एकमेकांकडे पाहिलं.

"आपल्या पट्ट्या पुसल्या व्हत्या का?" प्रेमदासांनी विचारलं.

कोणीच पुसल्या नव्हत्या. त्यांच्यावरूनही तसाच काळा भुगा निघाला. त्या बसवल्या आणि संध्याकाळभर निळा पडदा काही आला नाही. मग रोशनीनं वासुदेवरावांच्या दोन्ही पट्ट्या पुसून, नेऊन बसवल्या. त्यांचा कॉम्प्युटर गावात आल्यापासून पहिल्यांदा उजळला, तसे वासुदेवराव दोन पावलं मागे सरले. "आता याले चालवा लागन काय?"

दुसऱ्या दिवशी मुलाखत सुरू झाली. भागीरथाबाई आणि प्रेमदास दाराच्या पडद्याआड. पहिली परीक्षा झाली, प्रश्नोत्तरं सुरू झाली, रोशनीचा आवाज मोकळा होत गेला, पुण्याचे साहेब हसले आणि

साहेब थांबले. तोंड अर्धवट उघडं, डोळा अर्धा मिटलेला.

"गेला," भागीरथाबाई भिंतीला टेकल्या.

प्रेमदास पडदा सारून आत शिरले आणि त्यांनी माऊस हलवला. बाण सुळकन पळाला.

"आपला चालू हाय! तिकडचा गेला!" पोरगी पास झाल्यासारखे ते ओरडले.

मोबाइल वाजला. "सॉरी, रोशनी. आमच्याकडचाच बंद पडला. निळा स्क्रीन आलाय." साहेब जरा घुटमळले. "तुम्हाला यातलं काही कळतं का?"

रोशनी खुर्चीत सरळ बसली. "कळतं, सर. आधी वीज पूर्ण बंद करा. आत मेमरीच्या हिरव्या पट्ट्या दिसतील. खोडरबर आहे का कोणाकडे?"

"त्याईले सांग," प्रेमदास थेट पुण्याला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "बाजूच्याकडून उसनी आणू नोका!"

पलीकडून प्रश्न आला, "का?"

रोशनीनं पहिल्यापासून सांगितलं. तिकडे हसण्याचे आवाज वाढत गेले, त्यातच कोणीतरी पट्ट्या घासत होतं. शेवटी पुण्याचा कॉम्प्युटर सुरू झाला आणि साहेब म्हणाले, "सोमवारपासून रुजू व्हा."

भागीरथाबाईंनी लेकीला मिठी मारली. रस्त्यापलीकडून वासुदेवरावही धावत आले. प्रेमदास मात्र मोबाइलकडे पाहत हिरमुसले होते.

"काऊन बाबा? आनंद नाई झाला?"

"झाला ना बेटा. पण तू फोन ठेवून देल्ला," प्रेमदास म्हणाले. "त्याईची कोणती पट्टी खराब व्हती, पहिली का दुसरी, थे विचारलंच नाई."